‘किड ए’ : एका ध्वनिमुद्रिकेची पाठचिकित्सा

प्राचीन ग्रंथाचा अभ्यास करावयाचा झाल्यास प्रथम पोथ्या मिळवाव्या, पाठभेद नोंदवावे आणि मग अर्थाकडे वळावे, ही शिस्त आपल्या विद्यापीठांत आता चांगली रुळली आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या अभ्यासकासही त्याच जातीचे साधन स्वरलिपीच्या रूपाने उपलब्ध असते. परंतु जी कृती ध्वनिमुद्रणाच्या दालनात ध्वनिरूपानेच जन्मास आली, जिची स्वरलिपी रचनेपूर्वी नव्हती आणि नंतर कोणी केलीच तर ती कानांनी टिपलेली नोंद एवढीच ठरते, तिची ‘संहिता’ कोणती मानावयाची? या प्रश्नाची चर्चा मोघम सिद्धांतांच्या आधारे करण्यापेक्षा एकच कृती समोर ठेवून करावी, या हेतूने ऑक्सफर्ड परिसरातील ‘रेडिओहेड’ या बँडची इ. स. २००० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘किड ए’ ही ध्वनिमुद्रिका येथे विचारार्थ घेतली आहे. तिच्याविषयी ‘यंत्रांनी केलेले निर्जीव संगीत’ असा एक समज प्रचलित आहे. तो समज कितपत टिकतो हेही ओघाने पाहावयाचे आहे.

‘आल्टर्नेटिव्ह रॉक’ ही संज्ञा फसवी आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. १९८० च्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून लहान, स्वतंत्र कंपन्यांमार्फत ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या आणि मुख्यतः महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रांवरून ऐकू येणाऱ्या बँडांना उद्देशून ती वापरली जाई. १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या अमेरिकन बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ला अफाट यश मिळाले आणि ज्याला पर्याय म्हणून हे संगीत उभे होते त्याच बाजारपेठेचा तो एक विभाग बनला. रेडिओहेडचा करार त्याच वर्षी ईएमआय या बलाढ्य कंपनीशी झाला. तेव्हा ‘पर्यायी’ हे विशेषण या बँडला लावताना ते व्यवहाराचे वर्णन नसून एका वृत्तीचे वर्णन आहे, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

टॉम यॉर्क, जॉनी ग्रीनवुड व त्याचा थोरला भाऊ कॉलिन, एड ओब्रायन आणि फिलिप सेल्वे हे पाचही जण ॲबिंग्डन येथील एकाच शाळेचे विद्यार्थी. १९८५ पासून ते एकत्र वाजवीत आहेत. त्यांच्या ‘पाब्लो हनी’ (१९९३), ‘द बेंड्स’ (१९९५) आणि ‘ओके कॉम्प्युटर’ (१९९७) या तीन ध्वनिमुद्रिकांपैकी तिसरीने त्यांस जगभर कीर्ती मिळवून दिली. या तिन्हींत गिटार हेच प्रमुख वाद्य होते आणि यॉर्कचा उंच पट्टीतील, आर्त म्हणता येईल असा आवाज ही त्यांची ओळख होती. यशानंतर पुष्कळ बँडांनी त्यांची नक्कल आरंभिली. यॉर्कला मात्र या काळात लिहिणेच अशक्य होऊन बसले. आपल्याच आवाजाचा त्यास वीट आला, स्वरावलींवरचा त्याचा विश्वास उडाला आणि तो प्रामुख्याने तालप्रधान, विद्युत्-यंत्रांवर रचलेले संगीत ऐकू लागला. उलट ओब्रायनच्या मनात आता आटोपशीर, सुरेल, गिटारप्रधान गीते करावी असे होते. १९९९ च्या जानेवारीत पॅरिस येथे ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला तो हा मतभेद पोटात घेऊनच.

पॅरिसनंतर कोपनहेगन, त्यानंतर ग्लॉस्टरशरमधील बॅट्सफर्ड पार्क ही हवेली आणि अखेर ऑक्सफर्डशरमधील स्वतःचे नवे दालन, असा हा प्रवास वर्षाहून अधिक काळ चालला. निर्माता नायजेल गॉड्रिच हा ‘ओके कॉम्प्युटर’च्या वेळचाच. तीन गिटारवादकांच्या बँडमध्ये गिटारीला कामच उरले नाही तर त्या वादकांनी करावयाचे काय, हा प्रश्न तेथे रोजचा झाला होता आणि बँड मोडावा की काय इथपर्यंत बोलणी गेली. ओब्रायन या दिवसांची रोजनिशी महाजालावर प्रसिद्ध करीत असे. एखाद्या कलाकृतीच्या घडणीची अशी समकालीन नोंद लाभणे हे अभ्यासकाचे भाग्यच. २००० च्या आरंभी गॉड्रिचच्या सूचनेवरून बँडचे दोन गट करण्यात आले: एका गटाने ध्वनी निर्माण करावयाचे आणि दुसऱ्याने, दुसऱ्या खोलीत, त्यांवर पुढील संस्कार करावयाचे. पहिल्या गटास नेहमीची वाद्ये वर्ज्य होती. या प्रयोगातून पूर्ण झालेले असे गीत एकही निघाले नाही. परंतु वाद्य न वाजवताही आपण संगीतकार राहू शकतो ही खात्री त्यातून मिळाली, असे पुढच्या कामावरून दिसते.

येथे एका वाद्याचा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे, कारण ‘यांत्रिक’ हा आक्षेप मुख्यतः त्याच्या नादाकडे पाहून घेतला जातो. हे वाद्य म्हणजे ‘ओंद मार्तनो’. त्याचा निर्माता मोरिस मार्तनो हा फ्रेंच गृहस्थ चेलोवादक होता आणि पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशयंत्रणेवर काम करीत असे. दोन उच्च कंप्रतेच्या लहरी एकत्र आल्या असता त्यांच्या कंप्रतांतील फरकाइतका श्राव्य स्वर उमटतो, या तत्त्वावर त्याने आपले वाद्य बेतले व १९२८ मध्ये पॅरिस येथे ते लोकांसमोर वाजवून दाखविले. वादक उजव्या हाताच्या बोटात एक अंगठी घालतो. ती अंगठी एका ताणलेल्या तारेस जोडलेली असून पट्ट्यांच्या पुढून ती डावीउजवीकडे सरकविली म्हणजे स्वर अखंड चढतो वा उतरतो. डाव्या हाताखाली एक लहानसे बटण असते. त्यावरील दाबाने नादाचा लहानमोठेपणा ठरतो. बटण दाबल्यावाचून वाद्य मुके असते. म्हणजेच उजवा हात स्वर देतो आणि डावा हात त्यात श्वास भरतो. सारंगी ऐकलेल्या वाचकास हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. मींड आणि आंदोलन हा या वाद्याचा सहज स्वभाव आहे. त्याच्या ध्वनिक्षेपकांपैकी ‘पाल्म’ नावाच्या एका क्षेपकावर तर तारा बसविलेल्या असतात आणि त्या आपल्या तरफेच्या तारांप्रमाणे नुसत्या अनुनादाने झंकारतात. वीज लागते म्हणून या वाद्यास यंत्र म्हणावयाचे असेल तर म्हणावे. पण त्याइतके हाताच्या स्वाधीन असलेले वाद्य त्या काळच्या रॉकमध्ये विरळाच.

जॉनी ग्रीनवुडला या वाद्याचे वेड लागले ते शाळकरी वयात, ऑलिव्हिए मेस्सियाँ या फ्रेंच रचनाकाराची ‘तुरांगलीला’ सिंफनी ऐकून. ही कृती १९४६ ते १९४८ या काळात लिहिली गेली आणि १९४९ च्या डिसेंबरात बोस्टन येथे लेनर्ड बर्नस्टाइन याच्या नेतृत्वाखाली प्रथम सादर झाली. त्या वेळी ओंद वाजविली ती निर्मात्याची बहीण जिनेत मार्तनो हिने. कृतीचे नाव वाचताच मराठी वाचकाचे कान टवकारावेत. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त जे १२० देशी ताल सांगितले आहेत त्यांपैकी तुरंगलील हा एक. मेस्सियाँने ही यादी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगीतकोशातील हिंदुस्थानविषयक लेखातून घेतली होती. शार्ङ्गदेवाने तो ग्रंथ तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने लिहिला, हे सर्वज्ञात आहे. तथापि येथे सावधगिरी हवी. देवगिरीपासून ऑक्सफर्डपर्यंत सरळ रेघ ओढून ‘आमच्याकडूनच हे गेले’ असे म्हणण्याचा मोह आपल्याकडील लेखकांस वारंवार होतो. ग्रीनवुडने मेस्सियाँकडून उचलला तो एका वाद्याचा नाद. देशी तालांशी ‘किड ए’चा काही संबंध नाही. पहिल्याच गीताचे, ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’चे, आवर्तन दहा मात्रांचे आहे, परंतु त्याचे वजन झपतालाच्या दोन-तीन-दोन-तीन अशा खंडांत पडत नाही. आकडा जुळला म्हणजे ताल जुळला असे होत नाही, एवढे कोणताही तबलजी सांगेल.

‘हाउ टु डिसअपिअर कम्प्लीटली’ या गीतात ओंद अनेक थरांनी वाजविलेली आहे आणि तिच्याभोवती तंतुवाद्यांचा मोठा वृंद आहे. या वृंदाचे लेखन ग्रीनवुडने केले व त्याचे मुद्रण ऑक्सफर्डजवळच्या डॉर्चेस्टर येथील जुन्या मठमंदिरात झाले. शेवटाकडे हा वृंद स्थिर स्वरांवरून हळूहळू घसरू लागतो आणि खालची जमीन सरकल्याचा भास होतो. मात्र गाणाऱ्याचा आवाज आपल्या जागेवरून ढळत नाही. पूर्वीच्या पद्धतीचे गिटारीवरचे गीत आणि नवे ध्वनिविश्व यांचा समझोता येथे झाला आहे. या ध्वनिमुद्रिकेत माझ्या मते सर्वांत साधलेली जागा हीच.

शीर्षकगीत ‘किड ए’ हे उलट टोक होय. यात यॉर्क गातच नाही. तो शब्द केवळ बोलतो. त्या बोलण्याला स्वर देतो तो ओंद वाजविणारा ग्रीनवुड. व्होकोडर या उपकरणाच्या योगाने बोलण्याचा आकार आणि वाद्याचा स्वर एकमेकांत मिसळले आहेत. आता या गीताचा गायक कोण? उच्चार एकाचा, स्वर दुसऱ्याचा आणि श्रोत्याच्या कानी पडते ते तिसरेच कोणी, एखाद्या मुलासारखे, शब्द धड न कळणारे. ज्या गायकाला स्वतःच्या आवाजाचा वीट आला होता त्याने आवाज टाकून दिला नाही, मित्राच्या हाती सोपविला. हे कळल्यावर ‘निर्जीव’ हे विशेषण वापरणे मला तरी जड जाते.

आता ‘इडिओटेक’ या गीताकडे वळू. विद्यापीठीय वाचकांस याचा वृत्तांत विशेष जवळचा वाटेल. ग्रीनवुडने सिंथेसायझरवर तालाचे आणि इतर ध्वनींचे सुमारे ५० मिनिटांचे मुद्रण करून यॉर्कच्या हवाली केले. बहुतेक सारा गोंगाटच होता, परंतु त्यात एका ठिकाणी काही सेकंद चार कॉर्डची, म्हणजे स्वरसंघातांची, एक विलक्षण सुंदर मालिका उमटली होती. यॉर्कने तेवढी उचलली, तिची पुनरावृत्ती केली व तीवर गीत रचले. ही मालिका मूळची ग्रीनवुडची नव्हती. ती होती पॉल लॅन्स्की या अमेरिकन रचनाकाराच्या ‘मिल्ड उंड लाइज’ या १९७३ मधील संगणक-रचनेतली. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या स्पर्धेतील विजेत्या कृतींची एक तबकडी १९७० च्या दशकात निघाली होती, तीत ही रचना होती. त्याच तबकडीवरील आर्थर क्रीगर याच्या ‘शॉर्ट पीस’चाही अल्प अंश ‘इडिओटेक’मध्ये आला आहे.

लॅन्स्की प्रिन्स्टन विद्यापीठात होता. तेथील आयबीएम ३६०/९१ हा संगणक एक खोली व्यापणारा, वातानुकूलित जागा व स्वतंत्र कर्मचारीवर्ग लागणारा आणि स्मृतीची क्षमता अवघी एक मेगाबाइटच्या आसपास असलेला असा होता. रचना वाजवावयाची नसे, लिहावयाची असे. प्रत्येक स्वराचे मोजमाप छिद्रांकित पत्त्यांवर उतरवून ते पत्ते यंत्रास द्यावयाचे, यंत्राने काढलेले आकडे चुंबकीय फितीवर उतरत आणि ती फीत उचलून दुसऱ्या इमारतीच्या तळघरातील प्रयोगशाळेत नेल्यावर मग कोठे आपण काय रचले ते रचनाकारास ऐकू येई. एक कॉर्ड चुकली तर पुन्हा पत्ते, पुन्हा फीत, पुन्हा तळघर. सुमारे १८ मिनिटांची कृती या रीतीने सिद्ध झाली. ज्यास आपण ‘यंत्राचे संगीत’ म्हणून एका वाक्यात निकालात काढतो त्यामागे असा धीर असतो. आणि ते सारे होऊन कृती ऐकली किती जणांनी? तबकडी विस्मृतीत गेली. जुन्या तबकड्या धुंडाळण्याचा नाद असलेल्या एका गिटारवादकाच्या हाती ती पडली नसती तर लॅन्स्कीच्या त्या चार कॉर्ड संगणक-संगीताच्या मोजक्या जाणकारांपलीकडे पोहोचल्या नसत्या.

शिवाय त्या कॉर्ड लॅन्स्कीच्या तरी पूर्णतः होत्या काय? त्याच्या रचनेचे नाव रिखार्ड वाग्नर याच्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’ या संगीतनाटकाच्या अखेरच्या गीतावरून घेतलेले आहे आणि तिची स्वरसंगतीही त्या नाटकातील सुप्रसिद्ध ‘ट्रिस्टान कॉर्ड’च्या चिंतनातून आलेली आहे. हे नाटक १८६५ मध्ये म्युनिक येथे प्रथम झाले. आपल्या भाषेत बोलावयाचे तर वाग्नरवर लॅन्स्कीने भाष्य लिहिले आणि त्या भाष्यातील एक ओवी रेडिओहेडने उचलून तिचे ध्रुपद केले. हा उसना माल चोरीचा म्हणता येणार नाही. लॅन्स्कीची रीतसर परवानगी घेण्यात आली, त्याचे नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापले गेले आणि पुढे लॅन्स्कीने या प्रकाराविषयी कौतुकाने लिहिलेही. ती रचना करताना लॅन्स्की आणि ती वापरताना ग्रीनवुड, दोघेही तिशीच्या आतले होते. कर्तृत्व एकाच नावाखाली मांडण्याची आपली ग्रंथसूचीची सवय येथे अपुरी पडते, हे मात्र मान्य करावे लागेल.

शब्दरचनेच्या बाबतीत फार लिहिण्याचे कारण नाही. यॉर्कने वहीतील वाक्ये, ओळी आणि तुकडे कापून एका टोपीत टाकले व हाती येतील तसे काढून काही गीते जुळविली. १९२० च्या सुमारास दादा पंथाच्या त्रिस्तान त्सारा याने सुचविलेलीच ही युक्ती. तिचे फळ विषम आहे. ‘इडिओटेक’मध्ये तुटक वाक्यांतून हिमयुग, बायकामुलांची धावपळ अशी भीतीची चित्रे उभी राहतात आणि ती तालाशी एकजीव होतात. अन्यत्र शब्द निव्वळ नादासाठी आले आहेत, त्यांतून गूढ अर्थ काढण्याचा खटाटोप करणाऱ्यांनी टोपीची आठवण ठेवावी. ध्वनिमुद्रिकेबरोबर गीतांचे मुद्रित शब्द देण्यात आले नाहीत, हेही सूचक आहे.

२००० च्या ऑक्टोबरात ‘किड ए’ प्रसिद्ध झाली तेव्हा प्रचाराची रूढ साधने बँडने नाकारली होती. एकही एकल गीत निराळे विक्रीस काढले नाही, गीताचा रीतसर चित्रपट केला नाही, मुलाखती मोजक्याच दिल्या. त्याऐवजी काही सेकंदांची चलच्चित्रे आणि महाजालावरून संपूर्ण ध्वनिमुद्रिका ऐकविण्याची सोय केली. प्रसिद्धीच्या आधीच ती नॅप्स्टर या विनिमयव्यवस्थेवर फुटली. विक्री बुडणार असे भाकीत करणारे तोंडघशी पडले, कारण ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत ती पहिल्या क्रमांकावर गेली. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात २,०७,००० प्रती खपल्या. २००१ मध्ये तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. समीक्षक मात्र दुभंगले. त्यांपैकी कादंबरीकार निक हॉर्न्बी याने ‘न्यूयॉर्कर’मध्ये घेतलेला आक्षेप मला विचारार्ह वाटतो. दिवसभर कामाने थकलेल्या प्रौढ माणसाजवळ अशी कृती पुनःपुन्हा ऐकून तिचे मर्म शोधण्याइतकी सवड आणि चिकाटी कोठून असणार, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. याला ‘श्रोत्याने कष्ट घेतलेच पाहिजेत’ असे उद्दाम उत्तर देणे सोपे आहे. परंतु श्रमाची मागणी करणारी कला कोणासाठी, हा प्रश्न नवकवितेच्या वादात आपल्याकडेही उपस्थित झाला होता आणि तो उत्तराने मिटला नाही, वहिवाटीने मिटला. ‘किड ए’चेही तसेच झाले. २००९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ आणि ‘पिचफोर्क’ यांनी तिला त्या दशकातील सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिका ठरविले, तोवर हे ध्वनी कानांच्या सरावाचे झाले होते. कीर्ती आणि सराव यांतील भेद पारखण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.

राहता राहिला संहितेचा प्रश्न. त्याच मुद्रणसत्रांतील उरलेली गीते २००१ मध्ये ‘ॲम्नेसिॲक’ या नावाने निघाली आणि २०२१ मध्ये दोन्ही ध्वनिमुद्रिका, पूर्वी न प्रसिद्ध झालेल्या काही मुद्रणांसह, ‘किड ए म्नेझिआ’ या एकत्रित आवृत्तीत आल्या. म्हणजे पूर्वपाठ व पाठभेद यांची सामग्री आता काही अंशी उपलब्ध आहे. अखेरचे गीत ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’ हे या दृष्टीने तपासण्याजोगे. हे बँडच्या अगदी आरंभीच्या काळातले गीत असून ते गिटारीवर म्हटले जात असे. ‘किड ए’मध्ये गिटार गेली आणि तिच्या जागी पायाने भाता चालवावयाचे ऑर्गन, आपल्या संगीत रंगभूमीला परिचित असलेल्या पायपेटीच्या कुळातलेच, आले. जोडीला हार्पचे झंकार आहेत. भात्याचा श्वास स्पष्ट ऐकू येतो. गीत ३ मिनिटे २० सेकंदांनी संपते. त्यानंतर सुमारे मिनिटभर शांतता. मग मिनिटास थोडा कमी असा एक निनावी, वेष्टनावर न नोंदलेला नादखंड येतो आणि त्यामागून जवळजवळ दोन मिनिटे पुन्हा शांतता, की तबकडी संपली. महाजालावरून ऐकविल्या जाणाऱ्या प्रतीत हा नादखंड निराळा तोडून त्यास ‘अनटायटल्ड’ असे नाव दिलेले आहे, म्हणून गीत संपताच श्रोता त्यावर येतो. पोथीच्या अखेरीस लेखकाने कोरी सोडलेली पाने नक्कलकाराने वगळावीत तसा हा प्रकार. ती पाने संहितेची की बांधणीची, याचा निर्णय २००० च्या मूळ तबकडीवरूनच करावा लागेल. तेव्हा आपल्या ग्रंथालयाने तिची एक प्रत मिळवून ठेवावी, अशी सूचना येथे करीत आहे.